न वाचलेल्या संहितेवरची सही

साहित्याच्या अभ्यासकाने शस्त्रास्त्रखरेदीविषयी बोलू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तो विषय सेनाधिकाऱ्यांचा, अभियंत्यांचा, फार तर अर्थखात्याचा. संहितेच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्यांनी आपल्या पायरीने राहावे. हा संकेत मला मान्य नाही. आजचे लढाऊ विमान, रडार किंवा संदेशयंत्र हे धातूइतकेच लिखित मजकुराचे बनलेले असते. तो मजकूर परदेशात कोणीतरी लिहिलेला असतो आणि विकत घेणाऱ्याला तो बहुधा वाचू दिला जात नाही. एखादे राष्ट्र न वाचलेल्या संहितेवर सही करते, ही घटना वाचन हाच ज्यांचा व्यवसाय त्यांनी मुकाट्याने पाहावी काय?

क्रिप्टो एजी या स्विस कंपनीचे प्रकरण या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखे आहे. ही कंपनी संदेश गुप्त ठेवणारी यंत्रे जगभरच्या सरकारांना विकत असे, आणि स्वित्झर्लंडची तटस्थता हेच तिचे भांडवल होते. १९७० मध्ये अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या हेरसंस्थांनी ती गुपचूप विकत घेतली. यंत्रे विकायची आणि विकलेल्या यंत्रांतून जाणारे संदेश वाचायचे, हा उद्योग त्यानंतर कित्येक दशके चालला. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन व स्विस दूरचित्रवाणी यांनी तो सप्रमाण उघड केला, तेव्हा ग्राहकदेशांची संख्या शंभराहून अधिक निघाली. त्यांत इराण होता, अर्जेंटिना होता, पाकिस्तान होता. आणि भारतही होता. या मोहिमेचे आरंभीचे सांकेतिक नाव ‘थिसॉरस’ असे होते. शब्दकोशांच्या सहवासात आयुष्य घालवणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

आता नेहमीचे युक्तिवाद पाहू. पहिला असा, की आम्ही कसून चाचण्या घेतो. पण क्रिप्टो एजीची यंत्रे बिघडलेली नव्हतीच. एका टोकाला दिलेला संदेश दुसऱ्या टोकाला अक्षरशः अचूक उलगडत असे. खोट होती ती गणिती रीतीत, आणि ती एवढीच, की मर्म जाणणाऱ्याला कुलूप थोडक्या श्रमात उघडता यावे. यंत्र सांगितलेले काम करते की नाही, हे चाचणीत कळते. न सांगितलेले कोणते काम करते, हे कळत नाही. शिवाय शंका आली तरी ती पचवण्याची आपली तयारी अफाट असते. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर अर्जेंटिनाला संशय आला. कंपनीने पाठवलेल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने समजूत घातली, की फुटले असेल ते एक जुने यंत्र, मुख्य यंत्र अभेद्यच आहे. अर्जेंटिनाने खरेदी चालू ठेवली.

दुसरा युक्तिवाद : विकणारी माणसे भली आहेत. असतीलही. हान्स ब्यूलर हा याच कंपनीचा विक्रेता १९९२ मध्ये इराणमध्ये पकडला गेला आणि नऊ महिने कैदेत राहिला. आपण काय विकतो आहोत, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. कंपनीने दहा लाख डॉलर भरून त्याला सोडवले आणि मग नोकरीवरून काढून टाकले. याच कंपनीत एका तरुण महिला अभियंत्याने इतकी भक्कम रीत रचली, की हेरसंस्थांनाही ती फोडता येईना. पन्नासेक यंत्रांत ती गेल्यावर वरिष्ठांनी घाईघाईने उत्पादन थांबवले. प्रामाणिक काम हाच जेथे अपघात ठरतो, तेथे विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा प्रामाणिकपणा कशाचा पुरावा?

तिसरा युक्तिवाद मित्रराष्ट्राचा. क्रिप्टो एजीच्या ग्राहकांत नाटो या लष्करी संघटनेतले सहकारी देशही होते आणि अमेरिकेला त्यांचेही संदेश हवे होते. भागीदार जर्मनांनाही याचा धक्का बसला. ज्यांना हे प्रकरण जुने वाटते त्यांनी एफ-३५ या विमानाचा वाद आठवावा. ब्रिटन हा या प्रकल्पातला अमेरिकेचा सर्वांत जवळचा भागीदार. त्यालासुद्धा २००६ मध्ये सॉफ्टवेअरचे तंत्र मिळावे म्हणून खरेदी सोडून देण्याची धमकी द्यावी लागली. २०२५ मध्ये हे विमान दुरून बंद पाडणारी कळ अमेरिकेच्या हाती असल्याची शंका युरोपात उठली. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ती नाकारली. ते खरे बोलत असावेत. ज्या विमानाची माहितीभांडारे, सुधारणा आणि सुटे भाग सतत एकाच देशातून यावे लागतात, त्याला वेगळी कळ कशाला हवी? रसद थांबवली की झाले.

येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. प्रत्येक बिघाडामागे कारस्थान पाहणे हा आळशी वाचकाचा मार्ग आहे. २०१२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लष्करी दर्जाच्या एका चिपमध्ये छुपा प्रवेशमार्ग सापडल्याचे जाहीर केले. उत्पादकाने असे काही मुद्दाम ठेवल्याचे नाकारले. हेतूचा निवाडा बाजूला ठेवू. दार कोणत्या उद्देशाने ठेवले होते, याची चौकशी चोर करीत नाही. आपल्या किल्ल्यांनाही चोरदरवाजे असत, पण ते किल्लेदाराला ठाऊक असत. येथे ते ठाऊक असतात फक्त परक्या गवंड्याला.

मग स्वदेशी हा उपाय आहे का? आहे, पण शिक्का मारून होणारा नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय लष्करासाठीच्या ४०० ड्रोनचे करार रद्द झाल्याचे वृत्त आले. ती ड्रोन भारतीय कंपनीचीच होती. आतले भाग चिनी निघाले, आणि उड्डाणे चीनच्याच सीमेवर व्हायची होती. मुखपृष्ठ आपले, मजकूर दुसऱ्याचा, असा हा प्रकार. मूळ मजकूर हाती आला तरी काम संपत नाही. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले, की माणसाने लिहिलेली संहिता संपूर्ण निर्दोष असूनही तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम तीत चोरदरवाजा बसवू शकतो. भाषांतरकारच फितूर असेल तर मूळ लेखकाची सचोटी काय कामाची? म्हणजे संहिता वाचण्याचा हक्क हवा, ती बदलण्याचा हक्क हवा, आणि तिचे यंत्ररूप आपल्या घरी, आपल्या साधनांनी घडवण्याची कुवतही हवी. यांतले काहीच मिळत नसेल, तर निदान करारात आणि संसदेत स्पष्ट म्हणावे, की हे शस्त्र आम्ही विकत घेतलेले नाही, भाड्याने आणले आहे.

क्रिप्टो एजीचे बिंग फुटल्यावर स्विस संसदेच्या समितीने चौकशी केली आणि आपल्याच गुप्तचर खात्याला हे १९९३ पासून ठाऊक होते, असे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीरपणे लिहून दिले. ज्या देशाच्या भूमीवरून फसवणूक झाली, त्याने एवढे तरी केले. ज्यांची फसवणूक झाली त्या यादीत आपण होतो. आपल्याकडे यावर किती बोलले गेले, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

कविता चुकीची वाचली तर नुकसान वाचकाचे होते, आणि पुन्हा वाचायला ती जागेवर असते. ही संहिता न वाचल्याची किंमत मात्र, ती कधी वाचूच न दिलेला कोणी जवान सीमेवर मोजतो. त्याच्या वतीने ‘आधी वाचू द्या’ एवढे म्हणायला अभियंता असावे लागते काय?