कुत्रं रात्री आत घ्या

आमच्या मळ्यातल्या घराला ओटा आहे आणि ओट्याच्या खांबाला एक लोखंडी कडी आहे. आठ वर्षांत त्या कडीला तीन कुत्री बांधली गेली आणि तिन्ही तिथूनच गेली. पहिल्याचं नाव टायगर, दुसऱ्याचं मोती, तिसऱ्याचं परत टायगर, कारण आप्पांना तिसरं नाव सुचलं नाही. शेवटच्या वेळी मी घरी होते. पहाटे तीनच्या सुमाराला केकाटल्याचा आवाज आला, तोही अर्धाच. उजाडल्यावर पाहिलं तर कडीला साखळीचा तुकडा लोंबत होता आणि ओट्यापासून उसाच्या बांधापर्यंत काहीतरी फरपटत नेल्याची खूण होती. आईने ओटा धुतला. आप्पा चहा पिता पिता म्हणाले, "ओतूरच्या पाव्हण्यांची कुत्री व्यायलीय. एक पिल्लू आणू."

माझं भांडण या वाक्याशी आहे. आप्पा निर्दयी आहेत असं अजिबात नाही. टायगर गेला त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पण मळ्यावर कुत्रं असतं, ते संध्याकाळी दारात बांधायचं असतं, आणि वाघाने नेलं की दुसरं आणायचं असतं, हे त्यांना पावसापाण्यासारखं वाटतं. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.) जुन्नर आणि आंबेगावमधल्या कितीतरी वस्त्यांवर हेच चालतं. शेळी गेली तर फोन होतो, वन विभागाचा माणूस येतो, पंचनामा होतो, भरपाईचा कागद निघतो. कुत्र्यासाठी कोणी अर्ज लिहीत नाही. ते फुकट आलेलं असतं, म्हणून फुकट जातं.

याला आपण राखण म्हणतो. शिकारीच्या जुन्या दिवसांत मचाणाखाली बोकड बांधायचे आणि साहेब वर बंदूक घेऊन बसायचा. आपण कुत्रं बांधतो आणि आत जाऊन झोपतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी घालणारा १९६० चा कायदा आहे. करमणुकीसाठी एखाद्या जनावराला दुसऱ्या जनावराची शिकार व्हावी म्हणून बांधणं त्यात गुन्हा आहे. आपण करमणुकीसाठी बांधत नाही, एवढीच आपली पळवाट. अति आखूड किंवा अति जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणंही त्याच कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. म्हणजे साखळीच्या किमतीपेक्षा कमी.

आता बिबट्याच्या बाजूने बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे. घोड नदीवर डिंभे झालं. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. उसात आडोसा, गारवा, बारा महिने लपायला जागा. तोडणीला फड मोकळा व्हायला लागला की पाचटात बछडे सापडतात, म्हणजे हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नाहीत, याच शिवारात जन्मलेले आहेत. त्यांना खायला काय आहे? ओतूरवरून ब्राह्मणवाड्याकडे डोंगर ओलांडला की अकोले तालुका लागतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बिबट्यांची विष्ठा तपासली. बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्याच्या जवळपासही नव्हता. कुत्र्याला शिंगं नाहीत, ते उचलून नेता येईल एवढंच असतं, सगळीकडे असतं आणि स्वतः ओरडून जागा सांगतं. त्यातून ते बांधलेलं असेल तर त्याच्याकडे होते ते चार पायसुद्धा आपण काढून घेतलेले असतात.

मोकळं कुत्रं निदान पळतं, घराच्या मागे जातं, ट्रॅक्टरखाली घुसतं. बांधलेलं कुत्रं चार फुटांच्या गोलात मरतं. आणि तो चार फुटांचा गोल नेमका आपल्या उंबऱ्यासमोर असतो. दयामाया क्षणभर बाजूला ठेवा, माझा खरा मुद्दा हा आहे. ज्या ओट्यावर संध्याकाळी माझ्या भावाची पोरगी खेळते, त्याच ओट्यावर रात्री जेवण मिळतं, हे आपण एका बिबट्याला तीनदा शिकवलं. रोज वेळेवर, ठरलेल्या जागी खाऊ ठेवला की जनावर शिकतं. कुत्र्याला आपण असंच शिकवतो ना?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यांतली दोन पोरं. त्यानंतर तिथल्या बायाबापड्यांचे शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले फोटो तुम्ही मोबाईलवर पाहिले असतील. मेंढपाळाच्या कुत्र्याला घालतात तसला पट्टा माणसाच्या गळ्यात आला. त्या गावात कोण काय बांधत होतं याच्याशी मला ते मरण जोडायचं नाही, तसा हक्कही नाही. पण ज्या भागात माणसावर ही वेळ आली, तिथे दारात रोज रात्री भक्ष्य बांधून ठेवायचं की नाही, एवढं तरी बोलायला हवं.

आप्पांचं म्हणणं असं की कुत्रं भुंकलं की कळतं. मान्य. पण कुत्रं कानाने आणि नाकाने राखण करतं, आणि दोन्ही दाराच्या आतूनही चालतात. उलट ते बाहेर भुंकतं तेव्हा आपण काय करतो ते आठवा. बॅटरी घेऊन, झोपेत, चप्पल शोधत दार उघडतो. सगळ्यात वाईट क्षणी कुत्र्याने आपल्याला सगळ्यात वाईट जागी बोलावलेलं असतं. आतलं कुत्रं भुंकलं तर दार उघडायचं कारणच नाही. खिडकीतून बॅटरी मारा, डबा वाजवा, शेजारच्या मळ्यावर फोन करा.

दुसरं म्हणणं जास्त चलाख आहे आणि ते शिकलेली पोरं मांडतात. कुत्री आत घेतली तर वाघ पोरांकडे वळेल. कुत्रं खातोय म्हणून तर माणूस वाचलाय. पुरावा म्हणून मुंबईचा २०१८ चा अभ्यास दाखवतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे हजार घटना टळत असाव्यात, असा त्यातला अंदाज आहे. तो अभ्यास खरा आहे. पण तो भटक्या कुत्र्यांबद्दल आहे, उघड्यावर फिरणाऱ्या. खांबाला बांधलेल्या टायगरबद्दल तो काही सांगत नाही. बिबट्याने काय खावं हे मी ठरवत नाहीये, कुठे खावं एवढंच म्हणतेय. माझ्या दारात नको.

तिसरं म्हणणं, वाघच उचला. हे करून झालंय. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागातून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी, १९९३ ते २००१ मध्ये, वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत होते. २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. हल्ला करणारं जनावर पकडायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण एक उचलला तरी जागा, ऊस आणि दारातलं कुत्रं तिथेच असतं. दुसरा येतो.

आता शहरातल्या सल्लागारांकडे वळू. पिल्लू कसं वाढवावं हे मी मोबाईलवरच शिकले, त्यामुळे उपकार मान्य. पण त्या व्हिडिओंमधलं कुत्रं आठव्या मजल्यावर राहतं. संध्याकाळी सात ते आठ वॉक, असं ते बिनधास्त सांगतात. आमच्याकडे सातला उसाच्या कडेने कुत्रं फिरवणं म्हणजे दोघांचं ताट वाढणं. पिल्लाला मध्यरात्री शू करायला बाहेर न्या म्हणतात. बाहेर? मी चाकणला नोकरी करते, शनिवार-रविवार घरी असते. तिथल्या सोसायटीत हे सगळं बरोबर आहे. मळ्यावर नाही.

गंमत अशी की त्यांच्या ज्या गोष्टीला आमच्याकडे सगळ्यात जास्त हसतात, तीच आमच्या सगळ्यात कामाची आहे. कुत्र्याला पिंजऱ्यात झोपायची सवय लावणं. त्याला क्रेट ट्रेनिंग म्हणतात. "कुत्रं काय घरात निजवायचं? उद्या पंगतीला बसवशील," आप्पा म्हणाले. म्हणून पडवीत पिंजरा केला. गावातल्याच वेल्डरकडून, अँगल आणि जाड वेल्डमेश जाळी. चारही बाजूंनी आणि वरून बंद, कारण बिबट्या चढतो. नुसती भिंत त्याला पायरी वाटते. जाळीची भोकं पंजा आत जाणार नाही इतकी बारीक. खाली फरशी, बाहेरच्या बाजूला पत्रा, दाराला वर-खाली दोन कड्या. आणि आत साखळी नाही. पिंजऱ्यातसुद्धा बांधून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

यावेळचं पिल्लू मादी आहे, नाव झिपरी. दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवली. डोळे उघडले की पिल्लू उचलून आणायची आपली पद्धत चुकीची आहे. चावा किती जोरात घ्यायचा, कधी थांबायचं, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. पहिले काही दिवस तिची भाकरी-दूध फक्त पिंजऱ्यात, दार उघडं. मग खाताना दार पुढे लोटायचं, खाऊन झालं की उघडायचं. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्र. शिक्षा म्हणून एकदाही आत कोंडलं नाही. रात्रीसाठी कोपऱ्यात घमेल्यात माती. चार महिन्यांची झाल्यावर त्याची गरज राहिली नाही. आणि एक शब्द, "घरात". तो ऐकून आली की भाकरीचा तुकडा, दरवेळी, न चुकता. शेतातून, बांधावरून, दुसऱ्या कुत्र्याशी खेळ अर्धा टाकून ती या शब्दाला येते. मला विचाराल तर मळ्यावरच्या कुत्र्याला एवढं एकच शिकवलं तरी पुरे. शेकहँड नंतर बघू.

मिरची खायला घालून, कान कापून, काठीने बडवून कुत्रं तिखट होतं म्हणतात. पोट बिघडतं, कान चिघळतो, आणि हाक मारली की ते यायच्याऐवजी लांब पळतं. आमच्या भागात लांब पळणं म्हणजे ऊस. खिळ्यांचा पट्टा घालायचा तर घाला, दिवसा मोकळं फिरताना गळ्यावरचा एखादा घाव चुकेल. बांधलेल्या कुत्र्याला त्याने काही होत नाही, बिबट्याला मान सोडून बाकीचं अंगही धरता येतं.

लसही टोचा. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग वेळापत्रकाप्रमाणे. त्याआधी सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची. डिस्टेंपर मोठ्या मांजरांनाही होतो, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो सापडला होता. शिवाय आपल्या भागापुरतं म्हणून सांगते, कांदा आणि द्राक्षं दोन्ही कुत्र्याला विषारी. नारायणगाव पट्ट्यात पिल्लू बागेत मोकळं सोडताना हे लक्षात ठेवा.

मला माहीत आहे, पिंजऱ्याला पैसे लागतात. ऊसतोडीला आलेल्यांच्या खोपीला दारच नसतं, मेंढरांचा वाडा उघड्या रानात बसतो. त्यांना "कुत्रं आत घ्या" म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. आत कुठे? त्यांची आधी माणसं आत यायला हवीत, ते काम कारखान्यांचं आणि सरकारचं आहे. मी भांडतेय ते ज्यांच्याकडे पक्कं घर आहे, पडवी आहे, दारात पल्सर आहे, आणि तिलाही रात्री आत घेतात, त्यांच्याशी. बाईक आत आणि कुत्रं बाहेर. ग्रामसभेत दिव्यांचा आणि दिवसा विजेचा ठराव होतो, तो हवाच. त्याच सभेत रात्री दारात कुत्रं बांधायचं नाही असाही ठराव घ्या. त्याला पैसा लागत नाही.

झिपरी आता दीड वर्षाची आहे. रात्री भुंकते, खूप भुंकते, आप्पांची झोपमोड होते आणि ते पडल्या पडल्या तिला शिव्या घालतात. ओट्यावरची कडी अजून तशीच आहे. तिला आता दोरी बांधून आई कपडे वाळत घालते.

परवा पलीकडच्या मळ्यावर पिल्लू आलं. जेमतेम महिन्याचं असेल, पांढरं, एका कानावर तपकिरी ठिपका. काकांनी मंचरहून साखळी आधीच आणून ठेवलीय, नवी कोरी, पिल्लापेक्षा जड. आज अंधार पडायच्या आत जाऊन येणार आहे. काकू माझ्या बाजूने बोलतील असं वाटतंय.