मुरलं किती?

बोअरची गाडी शिवारात आली की सगळ्यांचे कान एकाच आकड्याकडे. किती इंची लागलं? आधी फुफाटा उडतो, मग चिखल, मग फवारा. मालक नारळ फोडतो. हे पाणी कुठल्या सालच्या पावसाचं, असं मी एकदा विचारलं तर पाणाड्यासकट सगळे हसले.

पण ते सांगता येतं. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. तो पाण्याच्या रेणूतच बसलेला, त्यामुळे पाणी जाईल तिथं जातो आणि साधारण 12.3 वर्षांनी निम्मा उरतो. अणुचाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास पावसात तो भरमसाट उतरला. बोअरच्या पाण्यात तो जवळपास सापडलाच नाही, तर ते पाणी बहुधा त्या चाचण्यांच्या आधीचं. म्हणजे आपण आजोबांच्या वेळचं पाणी उपसतोय.

हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हाच ट्रिटियम मुद्दाम जमिनीत घातला. पावसाळ्याआधी हात-दीड हात खोल भोकं पाडून त्यात जरासं ट्रिटियमयुक्त पाणी सोडायचं. एसटीत मागून चढणारे पुढच्यांना रेटतात, तसं नवं मुरणारं पाणी जुन्याला खाली ढकलतं. पावसाळा सरला की पुन्हा खोदून थराथरातली माती तपासायची आणि ट्रिटियम किती खाली सरकला ते पाहायचं. दरम्यानच्या मातीत जेवढी ओल, तेवढी त्या वर्षीची भर. 1980 च्या सुमारास गोदावरी-पूर्णा आणि कुकडी खोऱ्यांत हे झालं. सहाशेहून अधिक मिलिमीटर पाऊस, आणि मुरलेलं पन्नासच्या आसपास! (खडकाच्या भेगांतून थेट खाली जाणारं पाणी या हिशेबात नीट सापडत नाही, हेही खरं.)

आजोबांच्या वेळेहूनही जुन्या पाण्यात तर हवामानही साठलेलं असतं. गार सोड्यात वायू जास्त टिकतो. तसंच मुरताना जमीन जितकी थंड, तितके निऑन, झेनॉनसारखे वायू पाण्यात जास्त विरघळतात. कार्बन-14 ने वय काढायचं आणि या वायूंवरून तापमान. ईशान्य ब्राझीलच्या भूजलावरून 1995 मध्ये दिसलं, की हिमयुगात तिथली सखल जमीनही आजच्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड होती. उष्ण कटिबंध फारसा गारठला नसावा, या समजाला त्यानं धक्का दिला.

आणि आपण? जलसंधारणात खड्डे मोजतो, मुरलेलं पाणी नाही. निदान तालुक्यातल्या एका बंधाऱ्यापाशी तरी दिवाळीनंतर मातीचे नमुने काढा की! परवा एका बंधाऱ्यावरचा फलक वाचला. कामाचं नाव होतं, खर्च होता, साठवणक्षमता होती. खाली भरपूर जागा कोरी होती.