आवर कोणी घालावा?

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक चमत्कारिक घटना घडली. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांना जोडणाऱ्या संगणक-जाळ्यातून सेकंदाला ३२ हजार बिट माहिती जात असे. ती एकाएकी ४० बिटांवर आली. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. पाठविलेल्या पाकिटाची पोच वेळेत आली नाही की प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा धाडी आणि आधीच तुंबलेल्या वाटेवर नवा बोजा टाकी.

व्हॅन जेकबसन व मायकेल कारल्स यांनी या दुखण्याचे मूळ शोधून १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी वाट रुंद केली नाही की नाक्यावर शिपाई उभा केला नाही. शिस्त लावली ती पाठविणाऱ्यालाच. आरंभ थोडक्याने करावा, पोच येईल तसतसा हात सैल सोडावा आणि पाकीट हरवले की गर्दी झाली असे समजून तत्काळ माघार घ्यावी. वाढ इंचाइंचाने, माघार मात्र निम्म्याने! पुढे प्रमाणे बदलली, पण तत्त्व टिकले. आजचे इंटरनेट बव्हंशी या स्वेच्छेच्या संयमावर चालते.

हा संयम मोडणे अवघड नाही. एकाच वेळी दहा जोडण्या उघडणाऱ्यास दहा वाटे मिळतात. यावर साठवणीची जागा वाढवा, असे काहींनी सुचविले आणि उपकरणांतून तसे घडलेही. परंतु गोदाम मोठे केल्याने रांग नाहीशी होत नाही, ती आत दडून राहते. पाकीट हरवत नाही म्हणून पाठविणाऱ्यास गर्दी कळत नाही आणि दूरध्वनीवरचे संभाषण मात्र अडखळू लागते.

दुसरा मार्ग अधिक घातक आहे, तो म्हणजे पैसे मोजणाऱ्यास पुढे सोडण्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगळा दर आकारण्यास मनाई केली, ती आमच्या मते योग्यच होती. गर्दीच्या वेळी सर्वांना एका नियमाने आवर घालणे हे व्यवस्थापन होय. माल कोणाचा हे पाहून घालणे हा पक्षपात. दूरसंचार कंपन्या मोठ्या माहिती-पुरवठादारांकडून वाटा मागत आल्या आहेत. त्या मागणीचा विचार करण्यापूर्वी गर्दीच्या वेळी आपण कोणाचा वेग, कोणत्या नियमाने उतरवितो, हे त्यांनी ग्राहकाला समजेल अशा भाषेत जाहीर करावे.