कागदावर नमुना एक, संगणकात शंभर का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. त्या तारखेनंतर मायक्रोसॉफ्टकडून या प्रणालीला नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. धुळे-जळगावच्या पंचायत समित्या, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींत त्याआधीची यंत्रं आजही टेबलाटेबलावर आहेत. म्हणजे येत्या वर्ष-दोन वर्षांत बरीचशी खरेदी अटळ आहे. ही खरेदी प्रत्येक कचेरीने आपापली केली तर जुनाच गोंधळ नव्या खोक्यांत भरला जाईल. खान्देशाने ती एका यादीने आणि एका नियमाने करावी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

माझं धुळ्यात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षं साक्री-शिरपूरपासून पारोळा-अमळनेरपर्यंत सरकारी कचेऱ्यांच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, करतो आहे. सकाळचा फोन ठरलेला असतो: "भाऊ, काल ते चांगलं चालू व्हतं, आज काय व्हयनं त्याले?" यंत्राला काय झालंय ते बहुतेक वेळा अर्ध्या तासात कळतं. पण कचेरीचा पैसा कुठे जिरतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो संगणकाच्या किमतीत फारसा जात नाही, तो यंत्रायंत्रांतल्या वेगळेपणात जातो.

एका कचेरीतले प्रिंटर बघा. कर विभागात एचपीचा जुना १०२०, त्याला १२ए कार्ट्रिज. शेजारच्या टेबलावर ८८ए लागणारा. आस्थापना शाखेत बाटलीतली शाई भरायचा. बांधकाम शाखेत चौथ्याच कंपनीचा, त्याचं टोनर धुळ्याच्या बाजारात मिळत नाही, नाशिकहून मागवावं लागतं. एक वित्त आयोगाच्या निधीतून आला, एक सेसमधून, एक कुठल्याशा योजनेबरोबर. मार्चअखेरीला वसुलीच्या नोटिसा काढायच्या असतात तेव्हा कर विभागाचा टोनर संपलेला असतो आणि कपाटात दुसऱ्याच मॉडेलची तीन कार्ट्रिज पडून असतात. चारही प्रिंटर एकाच जातीचे असते तर एकाचं कार्ट्रिज काढून दुसऱ्याला लावता आलं असतं, बिघडलेल्या प्रिंटरचे सुटे भाग चालत्याला वापरता आले असते. यूपीएसच्या बॅटरीपासून लॅपटॉपच्या चार्जरपर्यंत हीच कथा आहे. रक्कम प्रत्येक बिलावर लहान दिसते, म्हणून ती कुणाच्या डोळ्यात खुपत नाही.

पण यंत्रांपेक्षा मोठा खर्च माहितीचा आहे. खान्देशातल्याच एका नगरपालिकेने मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा मी तिथे होतो. जुनं सॉफ्टवेअर यूएसबीला लावायच्या डोंगलवर चालायचं, डोंगल काढलं की पडदा रिकामा. मालमत्ताधारकांची नावं युनिकोड या प्रमाण अक्षर-संकेतात नव्हती, एका जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत भरलेली होती. करार संपला, पुरवठादाराने पालिकेच्या हाती पीडीएफची गठडी ठेवली आणि विषय संपवला. ती नावं नव्या प्रणालीत नेली तर 'पाटील'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटायचा. शेवटी रोजंदारीवर मुलं बसवून पूर्ण मागणी नोंदवही पुन्हा टाइप करून घेतली. त्यात नावं चुकली, थकबाकीचे आकडे इकडचे तिकडे झाले. ज्यांनी कर भरला होता अशा म्हाताऱ्या माणसांना जुन्या पावत्या शोधत काउंटरवर उभं राहावं लागलं. माहिती नागरिकांची, ती गोळा करायचा पगार पालिकेचा, आणि ती परत मिळवायला पुन्हा पालिकेचाच पैसा गेला.

हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, कारण कागदावर आपण हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीचं दप्तर उघडा, नमुना १ ते ३३ सगळीकडे सारखे. नमुना ८ म्हणजे कर आकारणी, नमुना ९ म्हणजे कराची मागणी. साक्री तालुक्यातल्या आदिवासी पाड्याचा नमुना ८ आणि रावेरच्या केळीपट्ट्यातल्या मोठ्या गावाचा नमुना ८ यांचे रकाने सारखे असतात. म्हणून ग्रामसेवकाची बदली झाली तरी तो दुसऱ्या गावात दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, आणि लेखापरीक्षकाला गावागणिक नवं काही शिकावं लागत नाही. ही शिस्त ज्यांनी घालून दिली त्यांच्याकडे संगणक नव्हता. संगणक आल्यावर आपण ती पुढे न्यायला हवी होती. आपण मात्र रकान्यांची व्याख्या ज्याच्या त्याच्या पुरवठादारावर सोपवली.

जिथे राज्याने एकच व्यवस्था ठरवली तिथे फरक दिसतो. ई-फेरफार हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केलेलं एकच सॉफ्टवेअर राज्यभर चालतं, त्यामुळे यावलचा शेतकरी १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढतो. बांधकाम परवानगीचे गावोगावचे वेगळे नियम होते, ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यासाठी एका नियमावलीत आले. ग्रामपंचायतींचा हिशेब आणि आराखडा २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज या एका पोर्टलवर आला. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००२ च्या सुमारास उभी केलेली संगणकव्यवस्था राज्य सरकारने इतर नगरपालिकांसाठी नमुना म्हणून धरली होती. म्हणजे कल्पना नवी नाही, ती तडीस नेण्यात आपण कमी पडलो.

केरळने ती तडीस नेली. तिथे १९९९ मध्ये इन्फर्मेशन केरळ मिशन ही सरकारी संस्था स्थापन झाली. स्थानिक संस्थांची सॉफ्टवेअर तिनेच बांधली, तिनेच सांभाळली, आणि १ जानेवारी २०२४ पासून के-स्मार्ट ही एकत्रित प्रणाली तिथल्या महापालिका-नगरपालिकांत सुरू झाली. तिथे सॉफ्टवेअरची मालकी सरकारची असल्याने एखाद्या पालिकेने प्रणाली बदलताना माहितीसाठी कुणापुढे हात पसरायची वेळ येत नाही.

आणि खान्देशात हे जमणार नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला शिरपूर तालुक्यातलं रोहिणी गाव दाखवा. २०२५ मध्ये या ग्रामपंचायतीला कागदविरहित कारभारासाठी राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्काराचं सुवर्ण मिळालं. एक सातपुड्याच्या पायथ्याचं गाव हे करू शकतं, याचा मला अभिमान आहे. पण धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दीड हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत. रोहिणीने घेतलेली मेहनत प्रत्येक गावाने पहिल्यापासून घ्यायची का? एकाने केलेलं दुसऱ्याला उचलून वापरता यावं, यासाठीच प्रमाणीकरण लागतं.

एकसारखेपणाचे धोके मला माहीत आहेत. 'सर्व्हर डाउन' हे दोन शब्द तलाठी कार्यालयात ऐकले नाहीत असा शेतकरी सापडणार नाही. सगळे एकाच गाडीत बसले की गाडी बंद पडल्यावर सगळेच थांबतात. म्हणून माझं म्हणणं सगळ्यांनी एकाच कंपनीचं घ्यावं असं अजिबात नाही. एकच पुरवठादार झाला तर पाच वर्षांनी दर तोच ठरवील. प्रमाण ठरवायचं ते यंत्राच्या गुणवैशिष्ट्यांचं आणि माहितीच्या साच्याचं. त्या अटी पाळणाऱ्या कुणालाही स्पर्धेत उतरू द्यावं.

नुसती रक्कम सारखी ठरवूनही भागत नाही. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा संग्राम प्रकल्प २०१५ अखेर संपला आणि २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रं आली. एका केंद्रासाठी दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये असा एकच दर राज्यभर ठरला. पण ज्याच्या बोटांवर ही व्यवस्था उभी आहे तो संगणक परिचालक मानधनासाठी पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसला. माणूस अस्थिर ठेवून यंत्रणा स्थिर होत नाही, हेही हिशेबात धरायला हवं.

मग करायचं काय? धुळे आणि जळगावच्या जिल्हा परिषदा, दोन्ही महापालिका आणि नगरपालिका यांनी एकत्र बसून एक छोटी यादी करावी: साध्या कामाचा एक संगणक, जड कामाचा एक, एक प्रिंटर, एक यूपीएस. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर एकत्रित मागणी नोंदवावी, पाच वर्षांची जागेवरची वॉरंटी मागावी आणि सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवायची अट घालावी. दुरुस्तीचं काम तालुक्यातल्या दुकानांना मिळेल अशी तरतूद त्यातच करावी. एकसारखी यंत्रं आली की माझ्यासारख्यांच्या फेऱ्या आणि बिलं कमी होतील, आणि ती कमी व्हायलाच हवीत.

विंडोज ११ ने नाकारलेली सगळी यंत्रं भंगारात काढू नका. टिपण्या, पत्रं आणि तक्ते लिबरऑफिसवर मराठीत व्यवस्थित होतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कामाला जुन्या यंत्रावर लिनक्स पुरतं. मात्र डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि बोटांच्या ठशाचं यंत्र त्यावर चालतं का, हे एका कचेरीत महिनाभर पारखून मगच पुढे जावं. घाईने सगळीकडे बसवलं तर पहिल्याच अडचणीला लोक जुन्याकडे वळतील.

सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक सॉफ्टवेअरच्या करारात एक कलम असावं. सगळी माहिती युनिकोडमध्ये, कुठल्याही प्रणालीत उघडेल अशा फाइलमध्ये, ठरलेल्या रकान्यांसह दरवर्षी ३१ मार्चनंतर कार्यालयाच्या ताब्यात दिली पाहिजे. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये. या कलमाला एक पैसाही लागत नाही.

पालिकेने घेतलेल्या हुडकोच्या कर्जाचं ओझं वर्षानुवर्षे वाहिलेल्या जळगावकरांना आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या धुळेकरांना पालिकेच्या तिजोरीतल्या प्रत्येक रुपयाचं मोल वेगळं सांगायला नको. अंदाजपत्रकं मांडली जातील तेव्हा संगणक खरेदीची तरतूद किती, एवढ्यावर चर्चा थांबू देऊ नका. वाचकांना माझी विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेत उभं राहून, किंवा आपल्या नगरसेवकाला गाठून एकच प्रश्न विचारा. आमच्या घरपट्टीची माहिती आपल्या कार्यालयाच्या ताब्यात, युनिकोडमध्ये, आज उघडून दाखवता येईल का? उत्तर 'नाही' आलं, तर नवा संगणक घेण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.