जीपगाडीस दारें कशीं असावींत?

शेतकऱ्यास बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे तो त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो आणि चार पावलें चालवून मगच सौदा पुरा करतो. तोच शेतकरी जुनी जीप घ्यावयास गेला म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरांची झीज पाहतो, कागदपत्रें चाळतो. दाराकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाहीं. दारें असलीं तर ठीक, नसलीं तरी अडतें कोठें, अशी साधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचें मोल पुष्कळदां मालकास नव्हे तर त्याच्या शेजारीं बसलेल्या गड्यास द्यावें लागतें, असें आमचें मत आहे. म्हणून ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

जीप ही मुळांत शेतीकरितां निघालेली गाडी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालापासून, अमेरिकेंतील विलीस कंपनीनें सैन्याकरितां जी गाडी बांधली, तिला दारें नव्हतींच. बाजूच्या मोकळ्या जागेंत एक आडवा पट्टा तेवढा असे. शिपायास क्षणांत आंत चढतां यावें व क्षणांत बाहेर उडी टाकतां यावी, हा तिच्या रचनेचा एक हेतु होता. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीस जीपांची जुळणी सुरू केली, आणि पुढें त्या वंशाच्या गाड्या खेडोपाडीं पसरल्या. त्यांतील कित्येकांच्या बाजू उघड्या तरी होत्या, नाहीं तर त्यांस कापडी पडद्यासारखीं दारें होतीं. २०१० सालीं आलेल्या थार गाडीसही टप कापडी व दारेंही कापडीच होतीं. पोलादी दारें तिला २०२० सालच्या नव्या रचनेंत मिळालीं. तात्पर्य, उघडी बाजू हा जीपेचा जन्मजात धर्म आहे असें मानण्याची संवय आपणांस ह्या इतिहासामुळें लागली आहे. परंतु शिपायास गाडींतून उडी टाकावयाची असे. शेतकऱ्यास व त्याच्या माणसांस गाडींत टिकून राहावयाचें असतें. दोघांचीं कामें निराळीं, म्हणून दारेंही निराळीं पाहिजेत.

दाराचीं कामें तीन आहेत. आंतील माणसाचे हातपाय व धड आंत ठेवणें हें पहिलें. पाऊस, चिखल व धूळ बाहेर ठेवणें हें दुसरें. आणि आंतील सामान सुरक्षित ठेवणें हें तिसरें. आमचे लोक हीं कामें नेमकीं उलट्या क्रमानें मोजतात. बियाण्याची पिशवी चोरीस जाऊं नये म्हणून ते कुलूप शोधतात, कपडे भिजूं नयेत म्हणून पडदा शिवून घेतात, आणि माणूस बाहेर पडूं नये ही गोष्ट त्यांच्या ध्यानींही नसते.

ह्या पहिल्या कामाचें महत्त्व किती आहे, हें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून चांगलें दिसून येतें. तिकडे शेतांत व कुरणांत फिरण्याकरितां लहान चारचाकी गाड्या वापरतात. त्यांत दोघे जण शेजारीं शेजारीं बसतात, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो व बाजू बहुधा उघड्या असतात. यामाहा कंपनीची रायनो ही त्यांपैकींच एक गाडी होय. ती कलंडून आंतील माणसांचे पाय चिरडल्याच्या तक्रारी आल्यावर कंपनीनें ऑगस्ट २००७ मध्यें मालकांस अर्धीं दारें व शेजारच्या माणसास धरावयाच्या मुठी विनामूल्य देऊं केल्या. पुढें ३१ मार्च २००९ रोजीं तेथील ग्राहक-सुरक्षा आयोग व कंपनी यांनीं मिळून असें जाहीर केलें कीं, दुरुस्ती होईपर्यंत ह्या गाड्या कोणीं वापरूं नयेत. तोंवर ४६ मृत्यूंची नोंद आयोगाकडे झाली होती, आणि तपासलेल्या अपघातांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक अपघातांत गाडी उलटलेली दिसत होती. त्यांतील अनेक प्रसंगीं वेग कमी होता व जमीनही सपाट होती. दुरुस्ती म्हणून मागील चाकांस आडपट्ट्या घालून तीं अधिक फांकविण्यांत आलीं व मागचा एक दांडा काढण्यांत आला. अर्धीं दारें मात्र कायम ठेविलीं.

ह्या हकीगतीपासून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला हा कीं, दार गाडीस उलटण्यापासून वांचवीत नाहीं. तें काम चाकांच्या अंतराचें, ओझ्याच्या उंचीचें व हांकणाऱ्याच्या शहाणपणाचें आहे. दुसरा हा कीं, गाडी कलंडलीच तर हातपाय आंत राहतात कीं बाहेर जातात, यावर मनुष्याचें पुढील आयुष्य अवलंबून असतें, आणि तेथें दाराचा उपयोग होतो.

हें आम्ही परक्या देशाच्या वार्तेवरूनच लिहितों असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःच आपल्या जुन्या जीपेचीं दारें काढून गोठ्यांत उभीं करून ठेविलीं होतीं. खताच्या गोणी चढविण्यास व उतरविण्यास बाजू मोकळी बरी, एवढाच विचार होता. आषाढांत ओढ्याच्या कांठच्या बांधावरून येत असतां डाव्या बाजूची माती सुटली व गाडी त्या अंगास झुकूं लागली. वेग माणसाच्या चालीइतकाच होता. शेजारीं आमचा सालगडी बसला होता. गाडी झुकतांच त्यानें, बैलगाडीस आधार द्यावा त्याप्रमाणें, डावा पाय बाहेर काढून जमिनीस टेंकला. पाऊण टनाहून अधिक वजनाचें लोखंड माणसाच्या पायानें तोलून धरतां येत नाहीं, हें त्या क्षणीं कोणाच्या लक्षांत येणार? गाडी बांधाखालीं अलगद आडवी झाली. आम्ही खरचटण्यावर सुटलों, त्याच्या पायाचीं हाडें दोन ठिकाणीं मोडलीं. दवाखान्याचा खर्च आम्हीं केला, वर्षाचा पगारही दिला. पण तो गडी पुन्हां नांगरामागें पूर्वींसारखा चालूं शकला नाहीं. ह्यांत दोष गाडीचा नव्हता, गड्याचा तर मुळींच नव्हता. दारें काढणारे आम्ही होतों.

झुकणाऱ्या वस्तूस हातानें अगर पायानें सांवरणें हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि कष्टकरी मनुष्याचा तर तो अंगवळणीं पडलेला गुण आहे. उपदेशानें तो जात नाहीं. मध्यें घट्ट दार असलें म्हणजे मात्र पाय बाहेर काढण्यास वाटच राहत नाहीं.

आतां दारांच्या जातींचा विचार करूं. कापडी दार हलकें व स्वस्त असतें. घडी घालून ठेवतां येतें. पावसाची सर व थंडीचा वारा तें बऱ्यापैकीं अडवितें. परंतु त्याचें प्लास्टिकचें तावदान उन्हानें पिवळें पडून तडकतें, चेन मातीनें अडकते, आणि माणसाचा भार पडल्यास तें धड टिकत नाहीं. तें पावसाचें दार होय, माणसाचें नव्हे. जाळीचें दार उन्हाळ्यांत सुखाचें. तें ताठ ताणलेलें असेल तर हात व खांदा आंत ठेवतें. तें सैल पडलें म्हणजे निरुपयोगी होतें, आणि खालच्या बाजूनें पाय निसटण्याची भीति राहते.

कांच असलेलें पुरें पोलादी दार सर्वांत सुरक्षित, यांत शंका नाहीं. ज्यांची गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर धांवते, ज्यांस मुलाबाळांसह लांबचा प्रवास पडतो, अथवा कोंकणांत व मावळांत ज्यांस चार महिने पावसाशीं गांठ आहे, त्यांनीं तेंच घ्यावें. मात्र अशी बंद गाडी घेऊन पुराच्या पाण्यांत घालण्याचें साहस कोणीं करूं नये. बाहेर पाणी चढलें म्हणजे त्याचा दाब दारावर पडतो, आणि आंतबाहेर पाणी सारखें होईपर्यंत तें आंतून ढकलून उघडत नाहीं. ओढ्यास पाणी असतां थांबणें हाच त्यावर उपाय.

राहिलें अर्धें पोलादी दार. ज्या शेतकऱ्याची जुनी गाडी रोज बांधावरून व पाणंदींतून फिरते, दर शंभर पावलांवर जेथें उतरावें लागतें, त्यास आमच्या मतें हेंच सर्वांत योग्य. पाय, मांडी व कंबर यांस त्याची आड असते. वरून मान बाहेर काढून पुढचें चाक बांधाच्या कडेपासून किती अंतरावर आहे हें पाहतां येतें. वारा खेळता राहतो. मृग लागतांच त्यावर कापडी वरचा भाग बसवावा व दिवाळीनंतर काढून ठेवावा. ह्या दाराची उंची मात्र फार कमी नसावी. वर सांगितलेल्या आयोगानें २०१४ सालीं अशा गाड्यांकरितां नियमांचा जो मसुदा काढला, त्यांत बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीस आडोसा असावा अशी सूचना होती. अर्ध्या दारास तितकी उंची नसते. म्हणून त्याच्या वर एक आडवा दांडा अथवा ताठ जाळी जोडणें उत्तम.

दार पाहतांना रंग पाहूं नये. पुढील गोष्टी पाहाव्यात. बिजागऱ्या पुढच्या कडेस असाव्यात, म्हणजे चालत्या गाडींत दार चुकून सुटलें तरी वाऱ्यानें तें मिटण्याकडे ओढ घेतें. बिजागरी पातळ पत्र्यावर नुसती डागलेली नसावी. मागें जाड पट्टी घालून बोल्टांनीं आवळलेली असावी. खटका बंद झाल्यावर दार दोन्ही हातांनीं धरून बाहेर ओढून पाहावें. खडखडलें तर तें खडबडीत वाटेवर सुटेल असें समजावें. दोरीनें बांधलेलें दार हें दार नव्हे. आंतील मूठ, चिखलानें भरलेल्या हातानें व घाबरलेल्या मनुष्यासही उघडतां येईल अशी असावी. दाराच्या तळाशीं पाणी निथळण्याचीं छिद्रें मोकळीं आहेत कीं नाहींत तें पाहावें. तीं बुजलीं म्हणजे पत्रा आंतून गंजतो, आणि वरचा रंग शाबूत दिसत असतांच खालची कड बोटानें मोडते. मागें आडव्या बांकांवर माणसें बसत असतील तर मागचें फळकेंही ह्याच कसोटीनें तपासावें.

गांवच्या वेल्डिंगवाल्याकडून हवें तसें दार करून घेण्यापूर्वीं, किंवा मूळचीं दारें काढून टाकण्यापूर्वीं, कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशील मूळ रचनेपासून निराळा होईल असा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें ह्या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला आहे. म्हणून त्या गाडीचेंच मूळ दार मिळत असल्यास तें बसविणें शहाणपणाचें. नाहीं तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

दारांमुळें चढउतार करण्यास वेळ लागतो, खर्च वाढतो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. गोणी मागच्या बाजूनें चढवाव्यात हें त्याचें अर्धें उत्तर; आणि मोडलेल्या पायाचा हिशेब कोणत्या खतावणींत मांडावा, हें आक्षेप घेणाऱ्यानेंच सांगावें, हें उरलेलें अर्धें. दुसरे कोणी म्हणतील, दार आहे, मग सीटबेल्ट कशास? त्यांस आमचें सांगणें असें कीं, पट्टा धडास जागेवर धरतो व दार हातापायांस. एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं. गाडींत पट्टे असतील तर ते बसलेल्या प्रत्येकानें लावावेत, केवळ मालकानें नव्हे.

शेवटीं एक विनंति. गाडी घेतांना अगर तिला दारें करतांना मालक स्वभावतःच सुकाणूच्या मागें बसून विचार करतो. त्याच्या हातीं सुकाणूं असतें, त्यास धरावयास आधार असतो, आणि गाडी कोणत्या क्षणीं झुकणार हें त्यास आधीं कळतें. डावीकडे बसणाऱ्यास ह्यांतलें कांहींच नसतें. त्या जागीं कधीं आपला गडी असतो, कधीं निंदणीहून परतणारी बाई असते, कधीं शाळेंतून आणलेला नातू असतो. म्हणून सभासद बंधूंनीं एकदां उतरून त्या डाव्या बाजूस बसावें, अंग बाहेर झोकून पाहावें, आणि मग आपल्या गाडीस कोणतें दार पाहिजे तें ठरवावें. आमचीं दारें गोठ्यांतून काढून पुन्हां गाडीस लाविलीं, त्यास आतां बरींच वर्षें झालीं. तीं एक वर्ष आधीं लाविलीं असतीं, तर हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारण पडलें नसतें.