विंचाचे बळ बैठकीत

भर पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या गाडीवाटेने जीप शेतावर नेणे हे केवढे दिव्य असते, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. रुतलेले चाक काढण्यास पूर्वी शेजाऱ्याचे बैल आणीत. पुढे ट्रॅक्टर आला. आणि आता काही बागाईतदार गाडीच्या पुढील बंपरावर विजेवर चालणारा विंच बसवून घेऊ लागले आहेत. साधन उपयुक्त आहे, त्यास आमचा विरोध नाही. परंतु ते ज्या रीतीने बसविले जाते ती रीत जिवावर बेतणारी आहे, म्हणून हे चार शब्द लिहिणे प्राप्त झाले.

गेल्या आषाढात आमच्याच शिवारात एक जीप आसापर्यंत रुतली. विंच नवा होता. पण गॅरेजवाल्याने तो बंपराच्या नुसत्या पत्र्यावर चार बोल्टांनी आवळून दिला होता. बाभळीच्या बुंध्यास दोर बांधून कळ दाबताच बंपर फाटला आणि विंच त्याच्यासह झाडाकडे झेपावला. दोराजवळ उभ्या असलेल्या आमच्या पुतण्याचे मस्तक एका वितीने वाचले. विंचास काहीच झाले नव्हते. मोडली ती बैठक.

मोट चालत असे तेव्हा बैल व नाडा कितीही बळकट असले तरी विहिरीच्या काठावरील चाकाचे खांब कच्चे असल्यास सर्वच विहिरीत जाई. येथेही न्याय तोच. माणसे व माल धरून गाडीचे वजन २५०० किलो असेल, तर विंचाची ओढ त्याच्या दीडपट, म्हणजे ३७५० किलो तरी असावी असा संकेत आहे. त्यासाठी ९५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४३०० किलोचा विंच घेतात. ही सर्व ओढ अखेरीस चार बोल्टांवर व त्यांखालील लोखंडावर येते. आजच्या गाडीचा बंपर बहुधा प्लॅस्टिकचा व आत पातळ पत्र्याचा. तो धक्का सोसून चेपण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नव्हे.

यास्तव विंचाखाली त्याच गाडीच्या मापाची जाड पोलादी पट्टी असावी आणि ती चॅसिसच्या दोन्ही लांब तुळयांस बोल्टांनी जखडावी. तुळई पोकळ असेल तर छिद्रात नळीचा तुकडा घालावा, म्हणजे बोल्ट आवळताना ती चेपत नाही. माथ्यावर ८.८ हा आकडा कोरलेलेच बोल्ट घ्यावेत. छिद्रे जुळत नाहीत म्हणून ती गॅसने वाढवू देऊ नयेत, आणि चॅसिसला वेल्डिंग तर मुळीच करू देऊ नये. त्या उष्णतेने पोलाद कमजोर होते. पहिल्या ओढीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये गाडीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीपुढील लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविले. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कचेरीत व गाडीच्या कंपनीकडे चौकशी करावी. पुढे एअरबॅग असलेल्या गाडीस तर ही चौकशी अगत्याचीच होय.

बैठक पक्की झाली तरी सावधगिरी सोडू नये. ओढ चालू असता दोराच्या टप्प्यात कोणी उभे राहू नये, दोरावर ओले जाड पोते टाकावे, आणि तारेच्या दोराचे पाच तरी वेढे ढोलावर राहू द्यावेत.

महसुली कचेरीत आमचे आयुष्य कागद हाताळण्यात गेले. तेथे एक गोष्ट शिकलो ती ही, की जामीनकतबा कितीही सुवाच्य असला तरी जामीनदारास ऐपत नसेल तर तो कागद फुकट जातो. विंच हा कतबा, त्याची बैठक हा जामीनदार. विंचासाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने बैठकीच्या चार पैशांत काटकसर करावी, हा हिशेब आम्हांस तरी उमगत नाही. बाजारात विंच पुन्हा मिळेल. घरचा कर्ता मुलगा मिळणार नाही.