वेळेचे पुस्तक फुकट. पण वेळ कोणी द्यायचा?

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे म्हणतात. पुस्तकाच्या दानाला तर हा नियम अधिकच कडक लागू होतो. पंगतीत काय वाढले, याची चर्चा गावभर होते. पण सत्कारात कोणते पुस्तक दिले, हे कोणी विचारत नाही. पुस्तक दिले ना, मग ते चांगलेच असणार! हा समज बाजूला ठेवून यंदाच्या अंकात एक प्रश्न विचारावासा वाटतो. गुरुजनांनी आणि विद्यार्थी मित्रांनी तो राग न मानता वाचावा.

गुणवंतांचा सत्कार, वक्तृत्व स्पर्धा, एखाद्या दात्याचा वाढदिवस, अशा प्रसंगी शाल-नारळाऐवजी पुस्तक देण्याची प्रथा रूढ होत आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु ही फुकट मिळणारी पुस्तके पाहिली, तर त्यांत कथा-कादंबरी क्वचित असते, इतिहास त्याहून क्वचित. बहुतेक पुस्तके एकाच जातीची : वेळेचे नियोजन कसे करावे, आळस कसा घालवावा, एका दिवसात दोन दिवसांचे काम कसे उरकावे. एकाच पुस्तकाच्या शंभर-दोनशे प्रती एकगठ्ठा येतात आणि व्यासपीठावरून वाटल्या जातात. 'परमेश्वराने सर्वांना चोवीसच तास दिले आहेत' हे त्यांतले ठरलेले वाक्य. माझा प्रश्न ह्या वाक्याविषयी आहे.

वेळेचा उपदेश नवा नाही. आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात पहाटे उठण्यापासूनची दिनचर्या सांगितली आहे. पाश्चात्त्यांत ह्या विषयाचा मूळपुरुष म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचे नाव घेतात. हा मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे मुद्रक, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी झालेल्या ह्या माणसाने आत्मचरित्रात आपल्या दिवसाचे कोष्टकच दिले आहे. पहाटे पाचला उठणे, आठ ते बारा काम, दुपारी वाचन व जेवण, पुन्हा काम, रात्री दहाला झोप. तेरा सद्गुणांची यादी करून तो रोज आपल्या चुकांच्या खुणा वहीत करी. मात्र त्याने प्रांजळपणे हेही लिहून ठेवले आहे, की 'व्यवस्था' हा गुण काही त्याला साधला नाही. कारण कामासाठी येणारी माणसे त्यांच्या सवडीने येत, ह्याच्या कोष्टकाप्रमाणे नव्हे. शिवाय पत्नी डेबोरा दुकान सांभाळी, छापलेल्या पुस्तिका दुमडून शिवी आणि कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेई, हेही तो कृतज्ञतेने सांगतो. कोष्टक लोकांनी उचलले. डेबोरा कोष्टकात नव्हती, म्हणून ती मागे राहिली.

दुसरे उदाहरण आर्नल्ड बेनेट ह्या इंग्रज कादंबरीकाराचे. दिवसाचे चोवीस तास कसे जगावेत ह्यावर त्याने १९०८ साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि ते अजून वाचले जाते. लंडनच्या कचेऱ्यांत दहा ते सहा राबणाऱ्या कारकुनांसाठी ते होते. पुस्तक खेळकर आहे, सल्लाही वाईट नाही. सकाळी तास-दीड तास लवकर उठा, असे तो सुचवतो. पण उठल्याबरोबर चहा कोण देणार? बेनेटने उत्तर दिले आहे : घरात जी कोणी बाई असेल तिला रात्रीच सांगून ठेवा, तिने तबकात दोन बिस्किटे, कपबशी, काड्यापेटी आणि स्पिरिटचा दिवा मांडून ठेवावा. ती कोण, हे त्याच्या लेखी महत्त्वाचे नाही. तिचेही चोवीस तास आहेत, हे एवढ्या हुशार लेखकाच्या ध्यानात आले नाही!

इथेच खरी गोम आहे. वेळेचे प्रत्येक पुस्तक असे धरून चालते, की वाचणाऱ्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे. तो फक्त तो उधळतो आहे. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्यांच्यापैकी किती जणांना हे लागू पडते? ज्या पहाटेला ही पुस्तके सोन्याची वेळ म्हणतात, तीच नळाला पाणी येण्याची, गोठ्यातील शेण काढण्याची आणि दूध डेअरीवर पोचवण्याची वेळ असते. संध्याकाळ एस.टी.च्या हाती. आमच्या वर्गातल्या मुली तर भाकऱ्या थापून येतात आणि परत जाऊन पुन्हा थापतात. मी स्वतः आज अभ्यासाला बसू शकतो, ते नियोजनामुळे नव्हे. माझ्या वाटणीचे पाणी धाकटी बहीण भरते, म्हणून. माझा तास तिच्या तासातून कापलेला आहे. ह्याचा हिशेब मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

आता दात्यांविषयी. उपदेशाचे पुस्तक कोण कोणाला देतो, हे पाहण्यासारखे असते. १८९९ साली एल्बर्ट हबर्ड ह्या अमेरिकन लेखकाने 'गार्सियाला निरोप' ह्या अर्थाचा एक छोटा निबंध लिहिला. १८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धात रोवन नावाच्या अधिकाऱ्याने क्यूबाच्या डोंगरांत गार्सिया ह्या बंडखोर सेनानीला गाठले. निघताना त्याने 'तो कुठे आहे?' एवढेदेखील विचारले नाही, ही त्यातली गोष्ट. तात्पर्य : सांगितलेले काम प्रश्न न विचारता करावे. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने त्याच्या प्रचंड संख्येने प्रती छापून वाटल्या आणि कितीतरी मालकांनी त्या विकत घेऊन नोकरांच्या हाती ठेवल्या. नोकराने मालकाला असे एखादे पुस्तक दिल्याचे मात्र ऐकिवात नाही. वेळेचे पुस्तक नेहमी वरून खाली येते. 'तू मागे आहेस, कारण तुला दिवस वापरता येत नाही' असा एक न छापलेला मजकूर त्याच्या पहिल्या पानावर असतो. देणाऱ्याच्या मनात तो नसेलही. घेणाऱ्याला तो वाचता येतो.

मग पुस्तके वाटूच नयेत काय? असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नसतो, त्यांना फुकटच्या पुस्तकाचे मोल मी सांगायला नको. एखाद्याला त्यातून खरोखर शिस्त लागते, हेही खरे. परंतु देण्याच्या रीती असतात. मॅसॅच्युसेट्समधील एका गावाने १७७८ साली फ्रँकलिनचेच नाव धारण केले आणि प्रार्थनामंदिरासाठी त्याच्याकडे घंटा मागितली. त्याने घंटेऐवजी पुस्तके पाठवली. घरोघर एकेक प्रत नव्हे, तर निरनिराळ्या विषयांची शंभरावर पुस्तके, साऱ्या गावासाठी. १७९० साली गावसभेने ठरवले, की ती सर्व रहिवाशांना विनामूल्य वाचायला मिळावीत. नियोजनाच्या ह्या आद्य आचार्याने त्यांना स्वतःचे कोष्टक पाठवले नाही. निवडीला वाव दिला.

दुसरी रीत आपल्या मुंबईतली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा नेमाने वाचत बसतो, हे त्यांनी हेरले आणि त्याची विचारपूस केली. १९०७ साली तो मुलगा, भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. ते वेळ वाचवायला शिकवणारे पुस्तक नव्हते. आणि केळुसकर पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. त्या मुलाच्या पुढील शिक्षणाला पैसा कमी पडू लागला, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तकाबरोबर त्यांनी आपला वेळ दिला.

आणि त्याच मुलाला अभ्यासाचे तास कोठून मिळाले? परळच्या चाळीतल्या अपुऱ्या खोलीत वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवत आणि स्वतः आडवे होत. पहाटे दोनला उठून वाचणारा विद्यार्थी आपल्याला ठाऊक असतो. त्याला उठवण्यासाठी जागणारा बाप कोणत्याही यशसूत्रात येत नाही. वेळ हा काटकसरीने साठवण्याचा पैसा आहे असे आपण शिकतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो कोणीतरी कोणालातरी दिलेला असतो.

म्हणून दात्यांना माझी नम्र सूचना आहे. एका पुस्तकाच्या दोनशे प्रती देण्याऐवजी दोनशे निरनिराळी पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत. तेवढ्यावर न थांबता वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा राहील इतका शिपायाचा पगार आणि विजेचे बिल द्यावे. ज्यांना इतके शक्य नसेल, त्यांनी आठवड्यातून एक तास येऊन एका विद्यार्थ्याजवळ बसावे. त्याचा निबंध वाचावा, त्याचे इंग्रजी ऐकावे. प्राध्यापकांनीही तासाची घंटा झाल्यावर पाच मिनिटे वर्गात रेंगाळावे. आमचे पुष्कळ प्रश्न त्या पाच मिनिटांत विचारण्याजोगे असतात.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? वेळेचे पुस्तक हाती पडलेच तर जरूर वाचावे, पटेल ते उचलावे. पण त्यातले कोष्टक भिंतीवर लावण्यापूर्वी त्याला एक रकाना जोडावा : हा तास मला कोणी दिला? त्या रकान्यात आईचे, बहिणीचे, बापाचे नाव लिहिले, म्हणजे तो तास वाया घालवणे आपोआप अवघड होईल.

— द्वितीय वर्ष, कला